धूर धुवायला निघालेले सर

सर,

कॉलेजातल्या शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी उठले, माइकपाशी गेले, "घरत सरांनी मला पहिलं काम दिलं," एवढं म्हणाले आणि जाऊन बसले. लोकांना वाटलं, वंदनाला रडू आलं. रडू नव्हतं आलं. मला जे सांगायचं होतं ते सभागृहाला सांगण्यासारखं नव्हतं, तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्ही हार घातलेल्या फोटोत होतात. फोटोत तुमचा भांग कुणीतरी नीट पाडलाय. मी तो कधी तसा पाहिलेला नाही.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. पेणच्या घरी आईचे पापड गच्चीवर वाळत घातलेत, राखण मी करतेय आणि मांडीवर वही घेऊन हे लिहितेय.

तुमची माझी पहिली भेट रोह्याच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. प्रकल्प सहायक पाहिजे, अशी जाहिरात होती. एम.एस्सी. होऊन मी वर्षभर घरी बसले होते आणि उरलेल्या वेळात पापड लाटत होते. मुलाखतीला मी सगळ्या पुस्तकांची उजळणी करून आले. तुम्ही पुस्तकातलं काहीच विचारलं नाहीत. एक बाटली पुढे केलीत आणि म्हणालात, "एक थेंब जिभेवर ठेव."

प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नसतं, हे मला अकरावीपासून शिकवलेलं. पण नोकरी पाहिजे होती. ठेवला. इतकं कडू पाणी मी आयुष्यात चाखलं नव्हतं.

"वाफ्यातून मीठ काढून घेतल्यावर जे पाणी उरतं ते हे," तुम्ही म्हणालात. "माझ्या बापाने मिठागरावर आयुष्य काढलं आणि हे कडू पाणी खाडीत सोडून दिलं. सगळेच सोडतात. यात मॅग्नेशियम आहे. यात चुना मिसळला की खाली पांढरा साका बसतो आणि तो साका गंधकाचा धूर खातो."

"कुठला धूर, सर?"

"इथल्या कारखान्यांच्या बॉयलरचा. सकाळी घशात खवखवतो तो."

"खरंच खातो?"

"काचेच्या नळीत खातो. चिमणीत खातो की नाही, ते बघायचंय. त्यासाठी दिल्लीच्या खात्याने पैसे दिलेत. येतेस का?"

एवढीच मुलाखत.

त्या दिवसांत रोहा हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. पुढे कोकणात रूळ टाकायचं काम चालू होतं. मी पेणला पॅसेंजरमध्ये बसायचे, तुम्ही पुढच्याच कासूला चढायचात, खाडीकडच्या तुमच्या गावातून सायकल मारत आलेले असायचात. पायजम्याच्या पायाला चिखल, हातात डबा, काखेत वही. कासू ते रोहा एवढ्या वेळात तुम्ही मला जे शिकवलंत ते विद्यापीठाने दोन वर्षांत शिकवलं नव्हतं. सरकारकडे कसे वळलात, तेही त्या गाडीतच सांगितलंत. त्याआधी दोन वर्षं तुम्ही कारखान्यांच्या ऑफिसांमधून बाटली घेऊन फिरत होतात. कुणी हाकलून दिलं नाही. चहा दिला, ऐकून घेतलं, आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "हे दुसरीकडे कुठे चालू आहे का?"

"त्यांचं काय चुकलं?" तुम्ही म्हणालात. "जे होणार हे ठरलेलं आहे त्याला पैसे द्यायला सगळे तयार असतात. होईल का नाही एवढंच बघायला पैसे कोण देईल? ते काम सरकारचंच."

मग एका मध्यम कारखान्याच्या मॅनेजरांनी बॉयलरच्या शेडमागे जागा दिली. धुराड्याला एक छोटं भोक पाडायची परवानगी दिली, आणि मदतीला काशिनाथ वाघमारेही दिला. काशिनाथ नदीकाठच्या वाडीतला, बॉयलरवर रोजंदारीने काम करणारा. त्याला वाटलं, कॉलेजची माणसं आहेत, चार दिवस वह्या भरतील आणि जातील. आठवड्यात तो आपल्यातलाच झाला. धूर धुवायचा आपला टॉवर म्हणजे काय तर माणसाच्या दुप्पट उंचीचा प्लॅस्टिकचा नळ. आत पाणी पसरावं म्हणून भरतात ती महागडी कडी परवडणारी नव्हती, म्हणून आपण तिघांनी वायरिंगच्या पाइपचे बोटभर तुकडे कापले. किती दिवस कापत होतो, सर! माझ्या अंगठ्याला घट्टा पडला. खालून धूर यायचा, वरून पांढरं पाणी पडायचं, आणि वरच्या तोंडाशी मी बाटली लावून धूर बुडबुडवत बसायचे. मग टायट्रेशन, म्हणजे बाटलीत किती वायू उतरला ते मोजणं. पहिल्या दिवशी गंधकाचा बहुतेक सगळा वायू आत गेला आणि वर आलाच नाही. मी आकडा तीनदा तपासला. तुम्ही वर चढून टॉवरच्या तोंडाशी नाक नेलंत आणि दीर्घ श्वास घेतलात. मॅनेजर ओरडले, "सर, काय करताय?"

"वास घेतोय," तुम्ही म्हणालात. "नाय येत! काशिनाथ, ये रे वर, बघ, नाय येत!"

असा आनंद मी कुणा मोठ्या माणसाच्या तोंडावर पाहिला नव्हता. आमच्याकडे मोठी माणसं पगाराला किंवा लग्नाला आनंदी होतात.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. साक्यात चुन्याचा अंश राहतो, तो धूर खाऊन जिप्सम होणार आणि टॉवर तुंबवणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, साका गोड्या पाण्याने दोनदा धुवून घेऊ. तुम्ही एकदम चिडलात. मला तुमची बोली तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली.

"गोडं पाणी? आमच्या खाडीकडं मार्च लागला का बायका हंडा घेऊन दोन गावं चालतात. मानसांना प्यायला नाय आणि मी धूर धुवायला गोडं पाणी वापरू?"

"मग तुंबणार, सर."

"तर तुंबू दे. बिना गोड्या पाण्याचं जमलं तरच ते आमच्या कामाचं."

आणि तुंबलं. दुसऱ्या महिन्यापासून दुपारचे आकडे उतरायला लागले. वरून पाणी शिंपडणाऱ्या तोटीच्या भोकांवर पांढरी खपली धरायची, काशिनाथ सुईने टोकरून काढायचा, दोन तासांनी परत तेच. पाइपचे तुकडे एकमेकांना चिकटून दगड झाले. आपण चुना कमी करून पाहिला, पाण्याचा वेग वाढवून पाहिला. सकाळी छान, दुपारी निम्म्याच्या खाली.

नेमकी तेव्हाच दिल्लीहून समिती यायची होती. पुढच्या टप्प्याचे पैसे द्यायचे की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

आता सर, ते. समितीच्या आधीच्या शनिवारी तुम्ही वर्गावर होतात. मी प्रयोगशाळेत एकटी बसून वहीची दोन पानं नव्याने लिहिली. शेवटच्या आठ दिवसांचे दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांच्या जवळपास नेऊन ठेवले. मूळची पानं फाडून बेसिनमध्ये जाळली. भीती होतीच. आमच्या घरात महिन्याला ठरलेला पगार आणणारी मी पहिली. पण भीतीपेक्षा वाईट गोष्ट होती ती ही, की मी स्वतःला सांगितलं, कल्पना तर खरी आहे, आकडे फक्त थोडे मागे पडलेत. पैसे मिळाले की आकडे मागून येतीलच. असं खोटं करायला फार वेळ लागत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. चहा निवण्याच्या आत झालं होतं.

सोमवारी, समिती यायची त्याच सकाळी, कासूला तुम्ही चढलात आणि म्हणालात, "दे वही, एकदा नजर घालतो." मी दिली. तुम्ही एकेक पान उलटत होतात. त्या दोन पानांवर आलात आणि थांबलात. शेवटच्या आठ दिवसांतले दोन दिवस टायट्रेशन तुम्ही स्वतः केलं होतं, हे मी विसरले होते. तुम्ही बराच वेळ त्या पानांकडे बघत होतात. मग खिडकीतून बाहेर. नागोठणं गेलं. निडी आलं तेव्हा तुम्ही वही मिटलीत.

"उतरल्यावर चहा घेऊ," तुम्ही म्हणालात. "समितीची माणसं फार बोलतात, रिकाम्या पोटी ऐकवत नाही."

बस, तेवढंच. चहा घेताना तुम्ही काशिनाथच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत होतात. मला वाटलं, कळलं नाही. नाही सर, खरं सांगते. मला माहीत होतं की कळलंय. वाटलं की तुम्ही चालवून घेताय.

समितीत तिघं होती. बोलायचं काम एका बाईंकडे होतं, साधी सुती साडी, हिंदीत बोलायच्या आणि मध्येच इंग्रजीत शिरायच्या. कॉलेजात पाहणी, मग कारखान्यात. मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांना चांगला शेरा पाहिजे होता, कारखान्याच्या नावाने दाखवायला. बाईंनी वही चाळली, मान डोलावली, म्हणाल्या, "फार चांगलं स्थिर आहे हे."

तुम्ही म्हणालात, "मॅडम, शेवटची दोन पानं धरू नका. ते आकडे बरोबर नाहीत."

शेडमध्ये बॉयलरचा आवाज होता, तरी मला ते इतकं मोठ्याने ऐकू आलं.

"बरोबर नाहीत म्हणजे?"

"खरे आकडे याच्या निम्म्याहून खाली आहेत. टॉवर दुपारपर्यंत तुंबतो. काशिनाथ, ती तोटी आण."

काशिनाथने खपली धरलेली तोटी आणून त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती उलटीपालटी केली, नखाने खरवडली. मग विचारलं, "हे आकडे लिहिले कुणी?"

मी तुमच्या डाव्या हाताला उभी होते. अक्षर माझं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

"प्रकल्प माझा, वही माझी," तुम्ही म्हणालात. "जबाबदारी माझी आहे. आता का तुंबतं, ते दाखवतो."

आणि तुम्ही अर्धा तास आपलं अपयश त्यांना समजावून देत होतात, पहिल्या दिवशीचा वास दाखवला होतात त्याच उत्साहाने. एक वाक्य पुरलं असतं, "मॅडम, मी लिहिले." ते मी म्हणाले नाही. बाईंनी तुमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेले नाही. इतक्या वर्षांच्या मास्तराने वही खोटी केली, असंच त्यांना वाटलं असणार, आणि तुम्ही ते वाटू दिलंत.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "सर, मी उद्यापासून येत नाही."

"का?"

तुम्ही गाडी सुटेपर्यंत थांबलात.

"हे पैसे कुणाचे आहेत माहीत आहे? काडेपेटीवर कर लागतो. माझी आई चूल पेटवते तेव्हा तिचाही त्यात वाटा आहे. तिला त्याच्या बदल्यात आपण काय देणार? धूर आज जाणार नाही. कारखाना उद्या आपलं यंत्र घेणार नाही. आपण तिला फक्त एक उत्तर देऊ शकतो, होतंय का नाय होत. तेवढं तरी खरं असायला पाहिजे ना?"

मी मान हलवली.

"मग उद्या येताना सुया आण. काशिनाथच्या संपल्यात. आणि ह्या गोष्टीवर आपण परत बोलायचं नाही."

नाही बोललो. तुमचा शब्द मी पाळला आणि त्या पाळण्याच्या आड लपूनही राहिले.

समितीने पुढचा टप्पा दिला नाही. पण आहे त्या साहित्यात आणखी सहा महिने काम करायला मुदत दिली आणि तुंबण्याचं कारण शोधा असं लिहून दिलं. मॅनेजर नाराज होते, तरी जागा काढून घेतली नाही. पावसाळा तोंडावर होता. मी बॉयलरच्या शेडच्या पत्र्याखाली पन्हळ लावून पिंपं ठेवली आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पिंपांकडे बघितलंत.

"हे पाणी कुणाच्या हंड्यातलं नाही, सर," मी म्हटलं.

"व्हय," तुम्ही हसलात. "ह्ये चालंल."

पावसाच्या पाण्याने साका धुतला, निवळू दिला, वरचं पाणी टाकलं, परत धुतला. त्या चार महिन्यांत टॉवर एकदाही तुंबला नाही. सगळे आकडे मी लिहिले, पेनने, एकही न बदलता. आणि चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी का चुकला ते लिहायची सवय मला तेव्हाच लागली. माझ्या विद्यार्थ्यांना आज त्याचा वैताग येतो.

अहवाल लिहिताना परत वाद. मी म्हणत होते, पावसाळ्याचं यश आधी मांडा. तुम्ही तुंबण्याचं प्रकरण पहिलं घेतलंत आणि सगळ्यात लांब लिहिलंत. "पुढे जो हे करायला घेईल त्याला आधी खड्डा दिसला पाहिजे, बाग मागून दिसली तरी चालेल," असं तुमचं म्हणणं. अहवाल गेला. वर्षभराने उत्तर आलं की काम स्तुत्य आहे, पण कोरड्या आठ महिन्यांचं उत्तर नसल्याने पुढे मदत देता येत नाही. तुम्ही पत्र वाचलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं."

इथे मी तुमच्याशी आजही भांडते. नव्हतं बरोबर, सर. जे फसू शकतं त्याला सरकारनेच पैसे द्यायचे, हे तुमचंच वाक्य. मग ते एकदा अर्धं फसलं की हात काढून घ्यायचा, हे कसलं बघणं? कलम लावायचं आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाणी बंद करायचं. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर तुमचं कडू पाणी कुठल्या कुठे गेलं असतं. तुम्ही म्हणायचात, त्यांच्यापुढे असे शंभर मास्तर उभे असतात. असतील. मला एकाच मास्तरांचं माहीत होतं.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्याने धूर धुवायचा मोठा टॉवर उभा केला. त्यात मॅग्नेशियमची पूड लागते, ती बाहेरून पोत्यांनी येते, खाडीचं पाणी कुणी विचारलं नाही. काशिनाथ तिथे कायम झाला, टॉवरवरच. त्याने आपल्याला बघायला बोलावलं होतं. मला वाटलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही काशिनाथच्या मागोमाग त्या लोखंडी जिन्याने वरपर्यंत गेलात, धापा टाकत.

"आपला नाय," खाली येऊन तुम्ही म्हणालात, "पन धुतला जातोय ना? झालं तर मग."

काशिनाथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताय, तोटी कशी साफ ठेवायची, ह्ये इथल्या इंजिनेराला म्या दावलं." त्याची छाती केवढी फुगली होती.

मला पेणच्या कॉलेजात नोकरी लागली, तुमच्याच चिठ्ठीवर. यंदा मी धीर करून दिल्लीला माझा स्वतःचा प्रस्ताव पाठवायचा ठरवला. विषय तोच, उरलेले आठ महिने. कच्चा मसुदा तुम्हाला वाचायला दिला होता. तुमच्या छातीत पहिली कळ येऊन गेली होती तेव्हा, तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत. मसुदा परत आला तो दोन-चार शुद्धलेखनाच्या चुका सुधारून, आणि चौथ्या पानावर समासात दोनच शब्द लिहून. "पाणी कुठलं?"

मी उत्तर घेऊन येणार होते. रविवारी येते असा निरोपही दिला होता. तुम्ही शुक्रवारी गेलात. उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही, पण प्रस्तावात मी ते लपवलं नाही. "हे जमेल की नाही हे आज माहीत नाही," असं पहिल्याच परिच्छेदात लिहून गेल्या सोमवारी तो पोस्टात टाकला.

काल तुमच्या घरी जाऊन आले. कासूला उतरून बांधाबांधाने चालत गेले. काकू ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गो वंदना," आणि सूप बाजूला सारलं. मी ओटीवर त्यांच्याजवळ बसले. मग मी सांगायला सुरुवात केली. ती दोन पानं, बेसिनमध्ये जाळलेली खरी पानं, गाडीत तुम्ही वही मिटलीत ते, शेडमध्ये तुम्ही काय बोललात ते, आणि मी काय बोलले नाही ते. मला वाटलं होतं, त्यांना ठाऊक असेल. घरी येऊन माणूस बायकोला तरी बोलतोच.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मना कवा बोललं नाय ते."

"कधीच नाही?"

"नाय. त्या दिवशी घरी आलं न् बोललं, 'पोर चांगली हाय, टिकंल.' येवढाच." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मना वाटला, कामाचा बोलतान."

आता मात्र मला रडू आलं, सर. शोकसभेत आलं नव्हतं ते सगळं. काकू उठल्या, आत गेल्या, पाट मांडल्याचा आवाज आला.

"आता सांगलंस ना? झाला मंग," त्या आतून म्हणाल्या. "ये, जेवाय बस."

तांदळाची भाकरी होती आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण. काकू वाढत राहिल्या आणि मी नाही म्हणाले नाही. सर, तुमच्या घरात मी काल पोटभर जेवले.

तुमची,
वंदना